सोय आणि सोबत : ऑनलाइन भूमिकाखेळांच्या रचनेविषयी

'एव्हरक्वेस्ट' हा ऑनलाइन गेम मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. त्याच्या काल्पनिक जगात फ्रीपोर्ट नावाच्या शहराजवळ एक बोगदा होता. गेम बनवणाऱ्यांनी तो दोन प्रदेशांना जोडणारी वाट म्हणून ठेवला होता, बाजार म्हणून नव्हे. पण कुणाला तलवार विकायची असे, कुणाला चिलखत हवे असे, आणि भेटायला एक ठरलेली जागा लागे. अनेक सर्व्हरवर हळूहळू तो बोगदाच बाजारपेठ झाला. लोक तासन्‌तास तिथे उभे राहून आपल्या मालाची जाहिरात टाइप करत, घासाघीस करत, कोण फसवतो तेही एकमेकांना सांगत. डिसेंबर २००१ मध्ये गेमचा नवा विस्तार आला आणि त्यात अधिकृत बाजार मिळाला. आपले पात्र तिथे विक्रेता म्हणून उभे करायचे, वस्तूंच्या किमती लावायच्या आणि झोपायला जायचे. गिऱ्हाईक यादीत शोधून माल उचलणार. व्यवहार सोपा झाला आणि बोगदा ओस पडला.

ऑनलाइन भूमिकाखेळांच्या पंचवीस-तीस वर्षांच्या वाटचालीत ही गोष्ट वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा घडली आहे. आज येऊ घातलेले अनेक गेम 'आम्ही तो बोगदा परत आणू' असे आश्वासन देऊन पैसे गोळा करतात. ते आश्वासन तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

या प्रकाराचे साहित्य कोणते?

ज्यांनी असा गेम कधी उघडलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेकडो-हजारो माणसे एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरतात. प्रत्येकाचे एक पात्र असते : योद्धा, वैद्य, मांत्रिक, सुतार. आपण संगणक बंद केला तरी ते जग चालूच राहते. या प्रकाराचे मूळ १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी लिहिलेल्या 'मड' या गेममध्ये सापडते. त्यात चित्र नव्हते, फक्त शब्द होते. पुढे १९९६ मध्ये बार्टल यांनी खेळाडूंचे चार प्रकार पत्त्यांच्या चार रंगांवर बसवून मांडले : यश मिळवणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि इतरांवर वार करणारे. त्या मांडणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे हे चारही प्रकार एकमेकांवर अवलंबून असतात. एकाची संख्या बदलली की इतरांचा खेळ बदलतो.

या गेमांवरचे लिखाण बहुधा चित्रांची सफाई, कथानक आणि लढाईची गती यांवर बोलते. या गोष्टी एकट्याने खेळायच्या गेममध्येही असतात, आणि बहुतेक वेळा अधिक चांगल्या असतात. ऑनलाइन भूमिकाखेळाचे स्वतःचे साहित्य म्हणजे दोन अनोळखी माणसांना एकमेकांची लागणारी गरज. ती गरज कुठे निर्माण करायची, किती ताणायची आणि कुठे मोडायची हे रचनाकार ठरवतो. त्याची कला तिथेच जोखली पाहिजे.

'एव्हरक्वेस्ट'मध्ये पात्र मेले की त्याचे सामान मेलेल्या जागी प्रेतावरच राही. ते आणायला पुन्हा त्याच धोक्याच्या जागी जावे लागे, आणि एकट्याने ते क्वचितच जमे. लांबचा प्रवास करायचा तर ठरावीक विद्या शिकलेल्या खेळाडूला विनंती करून, चार नाणी देऊन, मंत्राने पोहोचवून घ्यावे लागे. हा त्रास होताच. पण प्रत्येक त्रासाच्या पलीकडे एक माणूस उभा असे.

पंगत आणि बुफे

नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि त्याने या त्रासातला बराच भाग काढून टाकला. मेल्यावर सामान अंगावरच राहू लागले, बरीचशी कामे एकट्याने करता येऊ लागली, आणि हा प्रकार घराघरांत पोहोचला. तरी भुयारी मोहिमांसाठी, म्हणजे 'डंजन'साठी, पाच जण लागतच : एक मार अंगावर घेणारा, एक जखमा भरणारा आणि तीन वार करणारे.

मी २००८ च्या सुमारास पुण्याहून युरोपच्या सर्व्हरवर खेळत असे. 'डेडमाइन्स' या खाणीच्या मोहिमेसाठी पाच जण जमवायला कधी कधी तास जाई. एकदा दाराशी पोहोचल्यावर आमचा वैद्य जेवायला म्हणून उठून गेला. उरलेले चौघे त्याची वाट पाहत उंबऱ्यावर बसलो आणि गप्पा मारल्या. त्या चौघांपैकी दोघांबरोबर मी पुढे दोन वर्षे खेळलो. गेमच्या दृष्टीने ती पंचवीस मिनिटे वाया गेली होती.

डिसेंबर २००९ मध्ये या गेममध्ये 'डंजन फाइंडर' आला. बटण दाबायचे, यंत्र वेगवेगळ्या सर्व्हरांवरून पाच जण जमवणार आणि थेट भुयारात नेऊन सोडणार. मोहीम संपली की पाचही जण आपापल्या सर्व्हरवर परत. पंगतीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबावे लागते, शेजारी कोण बसेल हे आपल्या हातात नसते, पण शेजाऱ्याशी बोलणे होतेच. बुफेत प्रत्येकजण आपली ताटली घेऊन मोकळा. डंजन फाइंडरने पंगतीचा बुफे केला.

या बदलात वाट पाहणे गेले, पण त्याहून मोठी गोष्ट गेली, ती म्हणजे नाव. पूर्वी एका सर्व्हरवर ठरावीक माणसे असत. कुणी वाट्याला न आलेली वस्तू लाटली, मोहीम अर्धवट सोडली, तर त्याचे नाव पसरे आणि पुढच्या वेळी त्याला कुणी घेत नसे. चांगल्या वैद्याचेही नाव पसरे. यंत्राने जमवलेले चौघे पुन्हा भेटण्याची शक्यताच नसते, तेव्हा चांगले वागण्याला आणि वाईट वागण्याला सारखीच किंमत उरते. त्यानंतरच्या काळात मी पूर्ण मोहिमा एकही शब्द न बोलता पार पाडल्या आहेत. माझ्याशी कुणी वाईट वागले नाही. मात्र त्यांतल्या एकाचेही नाव मला आठवत नाही.

सोयीची बाजू

इथे थांबून दुसरी बाजू नीट मांडली पाहिजे, कारण जुन्या खेळाडूंचा गहिवर ती सहसा झाकतो. युरोपातली रात्री आठची मोहीम म्हणजे आपल्याकडे ऋतूप्रमाणे साडेअकरा किंवा साडेबारा. चाळीस जणांची चार तासांची लढाई ज्याला परवडे, त्याच्याकडे विद्यार्थिदशा तरी असे किंवा बेफिकिरी तरी. लहान मूल असलेली आई, रात्रपाळीचा कामगार, फार वेळ बसू न शकणारा आजारी माणूस यांना जुन्या रचनेत जागाच नव्हती. बटणाने त्यांना दार उघडून दिले.

शिवाय गरज म्हणजे सत्ताही. ज्याच्यावाचून अडते तो छळूही शकतो. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये रचनाकारांनी प्राण्यांची साखळी कल्पिली होती. हरणे कमी झाली तर हिंस्र प्राणी वस्तीकडे वळतील, असा तो बेत. खेळाडूंनी दिसेल ते जनावर इतक्या वेगाने मारले की ती साखळी उभीच राहू शकली नाही. हेच खेळाडू नवख्यांना रस्त्यात गाठून लुटत. शेवटी २००० मध्ये त्या जगाचे दोन भाग झाले : एक जुना, बेबंद, दुसरा, जिथे इच्छेविरुद्ध कुणावर हल्ला करता येत नाही. बहुसंख्य लोक सुरक्षित भागात गेले. त्यांना दोष देणे मला जमत नाही. माणसांवर अवलंबून राहायला लावणाऱ्या रचनाकाराने माणसांपासून संरक्षणही दिले पाहिजे.

परत जाण्याचा प्रयोग

जुने जग परत आणले तर काय होईल, या प्रश्नाला एक खरेखुरे उत्तर मिळाले आहे. 'वॉरक्राफ्ट'ची जुनी आवृत्ती चाहत्यांनी 'नॉस्टॅल्रियस' या अनधिकृत सर्व्हरवर चालवली होती. कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये तो बंद झाला, आणि जुन्या आवृत्तीच्या मागणीवर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनेच 'क्लासिक' आणला. त्यात डंजन फाइंडर नव्हता, नकाशावर वाट दाखवणाऱ्या खुणा नव्हत्या.

पहिले काही आठवडे विलक्षण होते. लोक राक्षस मारण्यासाठी रांगा लावून उभे राहिले. रस्त्यात भेटणारा अनोळखी माणूस नमस्कार करत होता. पण मूळ गेममध्ये रॅग्नारोस या बलाढ्य शत्रूला हरवायला खेळाडूंना काही महिने लागले होते. 'क्लासिक'मध्ये तो आठवड्याभरात पडला. पंधरा वर्षांत सगळी माहिती लिहून झाली होती. कोणते पात्र किती वार करते याचा हिशोब पाठ होता. पुढे तर काही तास टिकणारी तात्पुरती शक्ती वाया जाऊ नये म्हणून लोक पुढच्या मोहिमेपर्यंत पात्र बंदच ठेवू लागले. म्हणजे ज्या जगात राहण्यासाठी हट्ट धरला, त्या जगात न राहणे हाच उत्तम खेळ ठरला.

यावरून 'जुने ते फक्त आठवणीत गोड' असा निष्कर्ष काहींनी काढला. मला तो अर्धाच खरा वाटतो. 'क्लासिक'ने दाखवले की गरज परत आणता येते आणि माणसे तिच्यासाठी आसुसलेली आहेत. अज्ञान मात्र परत आणता येत नाही. जुन्या समाजाचा अर्धा पाया अज्ञानाचा होता : वाट विचारावी लागे, कारण ती कुठे लिहिलेलीच नव्हती.

येणाऱ्या गेमांची आश्वासने

आता आगामी म्हणून गाजलेल्या गेमांकडे पाहू. 'एव्हरक्वेस्ट'च्या रचनाकारांपैकी एक, ब्रॅड मॅक्वेड, यांनी २०१४ मध्ये 'पॅन्थिऑन' या गेमसाठी लोकवर्गणी मागितली. तेव्हा ठरवलेली रक्कम जमली नाही, तरी काम चालू राहिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये मॅक्वेड वारले. डिसेंबर २०२४ मध्ये तो अपूर्णावस्थेतच खेळाडूंसाठी खुला झाला. त्याची भूमिका सरळ आहे : गटाने खेळा, जपून खेळा, हळू खेळा. ही निष्ठा मला आवडते. पण त्याच्याविषयी 'क्लासिक'चाच प्रश्न उरतो. पहिल्या महिन्यात सगळे नकाशे बाहेर आल्यावर हळू खेळण्याचे कारण काय उरेल?

'ॲशेस ऑफ क्रिएशन'ने २०१७ मध्ये बत्तीस लाख डॉलरांहून अधिक वर्गणी मिळवली. त्यातली मूळ कल्पना खरोखर विचार करण्याजोगी आहे. खेळाडू ज्या भागात जास्त वावरतील तिथली वस्ती वाढत जाते, गावाचे शहर होते, त्यामुळे शेजारच्या वस्तीची वाढ खुंटते, आणि शहर वेढा घालून पाडताही येते. इथे अज्ञान नव्याने तयार होते, कारण प्रत्येक सर्व्हरचा भूगोल तिथली माणसे घडवणार आणि तो आधी कुणी लिहून ठेवू शकत नाही. पण २०२४ मध्ये, वर्गणीनंतर सात वर्षांनी, हा गेम चाचणीच्याच टप्प्यात होता. कल्पना जितकी माणसांवर अवलंबून, तितकी ती कागदावर सोपी आणि उभी करायला अवघड.

'क्रॉनिकल्स ऑफ एलिरिया'ची गोष्ट वेगळी. त्यात पात्रे म्हातारी होऊन मरणार होती, वारस ठेवणार होती. २०१६ मध्ये वर्गणी सुरू झाली आणि पुढे पैसे देणाऱ्यांना सरदारक्या, अगदी राजपदेही, आगाऊ विकली गेली. मार्च २०२० मध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांना कमी केले आणि काम थांबले. लोकांचे पैसे अडकले ते आहेच, पण रचनेचा दोष त्याआधीचा आहे. राज्य जन्मण्याआधी वतने विकली की नाव कमावण्याची जागा नाव विकत घेणे घेते. ज्या लौकिकाच्या ओढीने लोक जुन्या गेमांकडे वळून पाहतात, त्यालाच इथे किमतीची चिठ्ठी लावली होती.

'लीग ऑफ लेजंड्स'च्या कंपनीने आपला भूमिकाखेळ डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केला आणि मार्च २०२४ मध्ये सांगितले की आधीची दिशा सोडून नव्याने सुरुवात केली आहे, कारण आधीचे काम खेळून झालेल्या गेमांच्या फार जवळ जात होते. उशिराबद्दल चाहते चिडले. मला ती कबुली प्रामाणिक वाटली.

दोन वेगळ्या वाटा

सोय आणि सोबत यांत एकच निवडावे लागते असे नाही, याचे उदाहरण जपानी 'फायनल फँटसी १४' आहे. २०१० मध्ये तो आला आणि सपशेल पडला. नाओकी योशिदा यांच्या हाती सूत्रे आल्यावर ऑगस्ट २०१३ मध्ये तो नव्याने उभा राहिला. त्यातही माणसे जमवणारे बटण आहे. पण जुन्या मोहिमांत जाणाऱ्या अनुभवी खेळाडूची ताकद त्या मोहिमेच्या पातळीवर उतरवली जाते, आणि गटात कुणी पहिल्यांदाच आले असेल तर सगळ्यांना जादा बक्षीस मिळते. त्यामुळे नवखा माणूस ओझे ठरत नाही. त्याला पाहून लोकांना आनंद होतो. एका छोट्या नियमाने वागणूक बदलली. मात्र पुढे याच गेममध्ये काही मुख्य मोहिमा संगणकाच्या पात्रांबरोबर एकट्याने करता येऊ लागल्या. लाजाळू खेळाडूसाठी हे वरदान आहे, आणि ही वाट पुढे कुठे जाते याची मला काळजी वाटते.

दुसरे टोक आइसलँडच्या 'ईव्ह ऑनलाइन'चे. जानेवारी २०१४ मध्ये एका गटाकडून अवकाशातल्या एका सूर्यमालेच्या ताब्याचे शुल्क भरायचे राहून गेले. शत्रूने संधी साधली आणि सुमारे एकवीस तास चाललेल्या लढाईत साडेसात हजारांहून अधिक खेळाडू उतरले. ही कथा कुणी लेखकाने लिहिलेली नव्हती. प्रत्येक जहाज कुणीतरी बांधलेले होते, प्रत्येकाचा नाश कुणाला तरी लागणार होता, म्हणून ती घडली.

पुढच्या गेमची जाहिरात पाहताना मी आता चित्रफितीकडे कमी आणि तीन प्रश्नांकडे जास्त पाहतो. मला कुणाची गरज पडेल का? त्याने मला मदत केली किंवा फसवले, तर उद्या ते कुणाला कळेल का? आणि माझ्याकडे दिवसाला एकच तास असेल, तर त्या तासात मी कुणाच्या उपयोगी पडू शकेन का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे जुन्या गेमांकडे होती, तिसऱ्याचे नव्हते. नव्यांनी तिसऱ्याचे उत्तर शोधताना पहिली दोन हरवली. तिन्हींना 'हो' म्हणणारा गेम मी अजून खेळलेलो नाही. 'फायनल फँटसी'चा तो नवख्याच्या बक्षिसाचा नियम त्याच्या बराच जवळ गेला, आणि असा नियम लिहायला कोट्यवधींची वर्गणी लागत नाही.