बांधकाम-नियोजनाच्या संगणकप्रणाली : तुलनेची कसोटी

बांधकाम-व्यवस्थापनाच्या संगणकप्रणालींची तुलना बहुधा त्यांतील सोयींची यादी मांडून केली जाते. ही पद्धत अपुरी होय. कारण कामाची खरी स्थिती प्रणालीत कोणाच्या हातून शिरते, हा मूळ प्रश्न तीत सुटून जातो.

प्रिमावेरा व मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट यांचे कूळ एकच. १९५७ च्या सुमारास ड्यू पाँट व रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी सिद्ध केलेली ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत दोहोंच्या मुळाशी आहे. कामांचा क्रम व कालावधी दिला, की कोणता विलंब संपूर्ण इमारतीस भोवेल हे गणिताने निघते. हजारो कामांचे जाळे सांभाळण्यात प्रिमावेरा सरस. शिकण्यास प्रोजेक्ट सुलभ. परंतु कालावधीचा आकडा दोहोंतही नियोजकाच्या मेजावर जन्मतो. प्रगतीची नोंद करता येते खरी. पण तीही बहुधा तोच मागाहून करतो. सळई आली नाही, म्हणून स्लॅब खोळंबला, हे प्रथम मुकादमास ठाऊक असते.

प्रोकोर या अमेरिकन प्रणालीचा आरंभच निराळा. रोजची नोंद, नकाशाची ताजी आवृत्ती, छायाचित्र, शंका व तिचे उत्तर यांस तीत मध्यवर्ती स्थान आहे. वेळापत्रकाच्या सूक्ष्म गणितात ती पहिल्या दोहोंची बरोबरी करीत नाही. त्यांची वेळापत्रके मात्र सामावून घेते.

विलंबाचा वाद लवादापुढे गेला, म्हणजे तत्कालीन नोंदींचे मोल कळते. तेव्हा प्रणाली निवडताना, मुकादमाचा शब्द वेळापत्रकापर्यंत किती लवकर व किती अविकृत पोचतो, हीच कसोटी लावावयास हवी.