त्रिरश्मीचे शिलालेख आणि आपले वाचन

नाशिकविषयीची कोणतीही प्रवासपुस्तिका उघडावी, तिची वाट ठरलेली असते. प्रथम गोदाघाट, मग पंचवटी, काळाराम, सुंदरनारायण. आणि वेळ उरल्यास मुंबई-आग्रा मार्गालगतच्या डोंगरावरील 'पांडवलेणी'. कालक्रम मात्र याच्या नेमका उलट आहे. काळाराम मंदिराची आजची वास्तू अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. डोंगरावरील १९ व्या क्रमांकाचे लेणे सातवाहन कुळातील राजा कण्ह याच्या काळी कोरले गेले, म्हणजे त्याहून अठराशेपेक्षा अधिक वर्षे आधी. ते करविणारा नाशिकचाच महामात्र होता. त्याचे नाव 'समण' होते, की तो श्रमणांच्या व्यवहाराचा अधिकारी होता, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पांडवांचा मात्र येथील एकाही दानलेखात पत्ता नाही.

हा आक्षेप आपल्या वाचकांना नवा नाही. आमचा दुसरा आक्षेप आपल्याच लेखकांवर आहे. 'पांडु' म्हणजे पिवळा, तो भिक्खूंच्या चीवराचा रंग, म्हणून 'पांडुलेणी', अशी व्युत्पत्ती आपल्याकडील लेखनात वारंवार येते. ती ऐकावयास गोड आहे. परंतु लेखांत डोंगराचे नाव 'तिरण्हु', संस्कृत वळणाच्या लेखांत 'त्रिरश्मि', असे स्वच्छ कोरलेले असताना या कसरतीची गरज काय? भगवानलाल इंद्रजी आणि एमिल सेनार यांनी हे लेख वाचून प्रसिद्ध केल्याला शतकाहून अधिक काळ लोटला. ज्याला पाली येते त्याला या प्राकृतात वाट काढणे फारसे कठीण नाही.

वाचू लागले की मात्र अडचणही समोर येते. तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षी हा विहार भद्रायणीय भिक्खूंना दिल्याचे तो सांगतो. त्याच लेखात राजमाता आपल्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, स्तुती करताना त्याला अद्वितीय ब्राह्मण म्हणते आणि त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला याचा गौरव करते. भिक्खूंच्या निवासाच्या भिंतीवर वर्णव्यवस्थेच्या रक्षणाची प्रशस्ती! आपल्या पुस्तिका येथे एक तर मौन पाळतात किंवा सातवाहनांना सरसकट बौद्ध ठरवून मोकळ्या होतात. दोन्ही गैर आहे. प्रशस्ती हा राजकुळाचा आवाज आहे, तो संघाचा सिद्धान्त नव्हे, हे खरे. तरीही ती तेथे कोरली गेली, हेही तितकेच खरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी क्रांती आणि प्रतिक्रांतीची जी मांडणी केली, ती तपासण्यास असे लेख म्हणजे अव्वल दर्जाचा पुरावा होय. तो झाकून आपण आपलीच बाजू दुबळी करतो.

उषवदाताचेही तेच. क्षहरात क्षत्रप नहपानाचा हा जावई ब्राह्मणांना गाई आणि गावे दिल्याचे अभिमानाने सांगतो, आणि दहावे लेणे चातुद्दिस संघाला अर्पण करतो. पण त्याच्या लेखातील आमच्या मते सर्वांत मोलाचा भाग हिशेबाचा आहे. त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या ठेवीतून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावयाचे होते. वाचकांनी गुणाकार करून पाहावा : दोन हजारांचे वार्षिक व्याज २४० होते, आणि वीस गुणिले बाराही २४०. एक नाणे शिल्लक नाही. हा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला आणि रीतसर नोंदविलाही गेला. राजजामाताने संघाचा पैसा विश्वासाने सोपविला तो हातमागावर बसणाऱ्यांच्या संघटनेकडे.

ज्या शहरात हे घडले त्याच शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह सुरू करावा लागला, आणि ते दार उघडले नाही. १९३५ ची धर्मांतराची घोषणा झाली ती याच जिल्ह्यातील येवल्यास. नाशिकला येणारे आपले उपासक-उपासिका काळारामाच्या दाराशी जातात, ते योग्यच आहे. त्रिरश्मीवर मात्र पायथ्याच्या स्मारकाशी वंदना घेऊन, वर छायाचित्रे काढून परततात. दहाव्या लेण्यातील अक्षरांसमोर थांबणारे विरळा. सहल नेणाऱ्या संस्थांनी चार प्रमुख लेखांचे मराठी भाषांतर छापून हाती दिले, तर त्याचा खर्च एका फलकाइतकाही येणार नाही.

त्या चारांत एक लेख विष्णुदत्तेचा असावा. ही शक कुळातील उपासिका, गणपक रेभिलाची पत्नी. तिने गोवर्धनाच्या श्रेणींकडे कायम ठेव ठेवली ती आजारी भिक्खूंच्या औषधासाठी, म्हणजे पाली वाङ्मयातील चार प्रत्ययांपैकी गिलानभेसज्जासाठी. ठेव स्वीकारणाऱ्यांत तेली आहेत आणि जलयंत्रे करणारे कारागीरही आहेत. लेखाचा काळ आभीर राजा ईश्वरसेनाचे नववे वर्ष. क्षहरात गेले होते, सातवाहनांचीही सत्ता ओसरली होती. गोवर्धनाच्या श्रेणी संघाच्या ठेवी अजून सांभाळीत होत्या.