खेळाडूचे श्रम आणि कथेचा अर्थ : 'फायनल फँटसी' मालिकेतील संविधानकाचा विचार

प्रस्तावना

व्हिडिओ गेम हा शब्द उच्चारताच आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात प्रायः दोन प्रतिक्रिया उमटतात. हा वेळेचा अपव्यय आहे, ही पहिली. हे तंत्रज्ञानाचे क्षेत्र असून साहित्याच्या अभ्यासकाला तेथे काही कर्तव्य नाही, ही दुसरी. पाश्चात्त्य विद्यापीठांतून मात्र हा विषय गंभीरपणे हाताळला गेला आहे. एस्पन आर्सेथ यांचा 'सायबरटेक्स्ट' आणि जॅनेट मरे यांचा 'हॅम्लेट ऑन द होलोडेक' हे दोन्ही ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाले, तर २००१ साली 'गेम स्टडीज' हे या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू झाले. खेळाकडे कथा म्हणून पाहावे की नियमांची व्यवस्था म्हणून, हा त्या काळातील प्रमुख वाद होता.

प्रस्तुत लेखात त्या वादात न शिरता एक मर्यादित प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे. जे खेळ कथा सांगण्याची प्रतिज्ञा करतात, त्यांच्यातील कोणत्या कथानकाला श्रेष्ठ म्हणावे? 'रोल-प्लेइंग गेम' म्हणजे भूमिकाप्रधान खेळ. त्यात खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारतो, सहकाऱ्यांचे पथक जमवतो आणि दीर्घ प्रवास करतो. विवेचनासाठी 'फायनल फँटसी' ही जपानी मालिका निवडली आहे. हिरोनोबु साकागुची यांच्या कल्पनेतून स्क्वेअर या कंपनीने तिचा पहिला भाग १९८७ साली आणला. २००३ साली ही कंपनी एनिक्समध्ये विलीन झाली आणि २०२३ पर्यंत मालिकेचे सोळा क्रमांकित भाग झाले. प्रत्येक भागाचे जग, पात्रे व कथा सामान्यतः स्वतंत्र असतात. त्यामुळे एकाच परंपरेतील भिन्न संविधानकांची तुलना येथे शक्य होते.

निकषाचा प्रश्न

अशा खेळांच्या कथेची प्रशंसा करताना विशाल काल्पनिक जग, अनपेक्षित कलाटणी, प्रभावी खलनायक आणि गुंतागुंतीची पात्रे यांचा उल्लेख केला जातो. हे गुण नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते कादंबरीतही असतात आणि चित्रपटातही. केवळ त्यांच्या आधारे निर्णय द्यावयाचा, तर बहुतेक खेळ दुय्यम दर्जाची कादंबरी ठरतील. ज्या माध्यमात कथा घडते त्या माध्यमाचे द्रव्य कोणते, हे पाहिल्यावाचून निकष ठरवता येणार नाही.

भूमिकाप्रधान खेळाचे द्रव्य म्हणजे खेळाडूचे श्रम, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. येथे खेळाडू तीस-चाळीस तास किंवा त्याहूनही अधिक काळ पात्रांना वाढवतो. लढाईमागून लढाई करून अनुभवांक मिळवतो, शस्त्रे निवडतो, कोणाला कोणती विद्या द्यावी याचा विचार करतो. यातील पुष्कळसे काम कंटाळवाणेही असते. सामान्य खेळात कथा ही या श्रमांची बक्षिसी असते : लढाई जिंका, मग पुढचे दृश्य पाहा. श्रेष्ठ खेळात मात्र कथेची निर्णायक घटना त्या श्रमांवरच येऊन पडते.

याचे प्रारंभिक पण स्पष्ट उदाहरण १९९१ सालच्या चौथ्या भागात आढळते. सेसिल हा क्रूर राजाज्ञा पाळणारा कृष्णयोद्धा असतो. पश्चात्तापानंतर तो एका पर्वतावर जातो आणि तेथे त्याला स्वतःच्याच काळ्या प्रतिरूपाशी सामना करावा लागतो. ही लढाई प्रहार न करता जिंकावयाची असते. तोवर शेकडो लढायांत खेळाडूच्या हाताला वार करण्याची सवय लागलेली असते. तो हात येथे आवरावा लागतो. शिवाय नवे रूप मिळताच सेसिलची पातळी पुन्हा एकवर येते. हृदयपरिवर्तन झाल्याचे निवेदकाने सांगावे लागत नाही. सवय सोडण्यात आणि कमावलेले गमावण्यात ते खेळाडूच्या अनुभवाला येते.

दोन मृत्यू

मालिकेतील सर्वाधिक चर्चिली गेलेली घटना म्हणजे १९९७ सालच्या सातव्या भागातील एरिथचा मृत्यू. तीन तबकड्यांच्या या खेळात पहिल्या तबकडीच्या अखेरीस सेफिरॉथ तिची हत्या करतो. या घटनेच्या परिणामाचे श्रेय बहुधा धक्कातंत्राला दिले जाते. तथापि धक्का हे कारण पुरेसे नाही, हे १९९२ सालच्या पाचव्या भागाशी तुलना केल्यास ध्यानात येते.

पाचव्या भागात गालुफ हा वृद्ध योद्धा प्राणशक्ती संपल्यावरही लढत राहतो आणि अखेर कोसळतो. सहकारी त्याच्यावर एकामागून एक उपाय करतात. खेळात एरवी मूर्च्छित पात्राला उठवणारे फिनिक्सचे पीसही वापरून पाहतात, पण काहीच लागू पडत नाही. खेळाच्या नियमांनाच मृत्यूपुढे हार मानावयास लावणारे हे दृश्य अत्यंत प्रामाणिक आहे. परंतु पुढच्याच टप्प्यात गालुफची नात क्रिल पथकात येते आणि त्याने कमावलेले सारे कौशल्य तिच्याकडे जाते. पात्र गेले, श्रम उरले. येथील शोक वारशाच्या रूपाने शमतो.

सातव्या भागात तसा वारस नाही. एरिथच्या अंगची मंत्रशक्तीची रत्ने खेळाडूच्या संग्रहात परत येतात. तिची पातळी आणि चिकाटीने साध्य केलेल्या तिच्या विशेष शक्ती मात्र कोणाकडेही जात नाहीत. रोगनिवारणात ती पथकातील सर्वांत समर्थ असल्याने पुढच्या लढायांत तिची उणीव प्रत्यक्ष जाणवते. दुःख केवळ दृश्यात राहत नाही, ते पथकाच्या रचनेत शिरते. तिला परत आणण्याची गुप्त युक्ती असल्याच्या अफवा खेळाडूंत वर्षानुवर्षे फिरत राहिल्या, त्याचे मूळ येथे आहे. जे श्रमाने मिळते ते श्रमानेच परत मिळाले पाहिजे, ही या खेळप्रकाराने लावलेली श्रद्धा या कथानकाने मोडली होती.

तिला फिनिक्सचे पीस का वापरले नाही, हा उपहासाने विचारला जाणारा प्रश्नही निरर्थक नाही. पाचव्या भागाने त्याला उत्तर दिले होते. सातव्याने तो टाळला. काटेकोरपणाच्या दृष्टीने हा सातव्या भागाचा दोष मानावाच लागेल. तरीही अर्थाच्या दृष्टीने त्याचे पारडे जड ठरते, कारण त्याने रिकामी झालेली जागा भरून काढली नाही.

अनिवार्य आणि ऐच्छिक

१९९४ सालचा सहावा भाग या विचाराला वेगळी दिशा देतो. योशिनोरी कितासे आणि हिरोयुकी इतो यांच्या दिग्दर्शनाखाली झालेल्या या खेळात चौदा पात्रे खेळाडूच्या हाती येऊ शकतात. कथेच्या मध्यावर केफ्का हा खलनायक यशस्वी होतो आणि जगाचा विध्वंस होतो. खलनायकाचे यश हा शेवटी टळणारा धोका न राहता मध्यावर घडलेली वस्तुस्थिती बनते, ही या संविधानकाची मौलिकता होय.

विध्वंसानंतर एक वर्षाने सेलेस ही स्त्री एका निर्जन बेटावर शुद्धीवर येते. जमवलेले पथक विखुरलेले असते. तिच्याजवळ असतो तो केवळ वृद्ध, आजारी सिड. खेळाडूने समुद्रातून मासे पकडून त्याला खाऊ घालावयाचे असतात. चपळ मासे त्याला गुणकारी ठरतात, मंद मासे अपायकारक. पण हा भेद खेळ उघड करून सांगत नाही. प्रस्तुत लेखकाने प्रथम खेळताना हाताला सहज लागतील ते मासे पकडले आणि सिड दगावला. त्यानंतर सेलेस निराशेने कड्यावरून उडी घेते. ती वाचते आणि एका पक्ष्याच्या अंगावरील फडक्यावरून तिला आपला सोबती जिवंत असल्याची आशा वाटू लागते. सिड जगला तर हे काहीच घडत नाही. दोन्ही मार्गांनी ती तराफ्यावरून बेट सोडते. कथा एकाच ठिकाणी पोहोचते, परंतु तराफ्याचा अर्थ निराळा होतो. एकदा तो निरोप असतो, एकदा सावरलेल्या जिवाचे प्रयाण. निवडीने कथा किती फाटे घेते, यापेक्षा निवडीचे दायित्व खेळाडूकडे राहते की नाही, हे महत्त्वाचे ठरते.

पुढे सेलेस, एडगर आणि सेट्झर एवढ्यांना शोधले की अंतिम लढाईला जाता येते; अन्य सोबत्यांना शोधणे ऐच्छिक आहे. शॅडो या पात्राची तर विध्वंसाच्या क्षणी, पळून जाण्याची मुदत संपत आली असतानाही वाट पाहावी लागते. जो वाट पाहत नाही त्याला तो कायमचा गमावतो. कर्तव्याची सक्ती नसताना केलेला शोध हाच मैत्रीचा पुरावा, हा आशय येथे संवादातून न येता नियमांतून येतो.

यात्रा आणि अभिज्ञान

२००१ सालचा दहावा भाग या परंपरेचा, माझ्या मते, परिणत आविष्कार होय. स्पायरा या जगाला सिन नामक विनाशक शक्तीने ग्रासलेले असते. यूना ही युवती रक्षकांसह झानारकंडच्या भग्न नगरीकडे यात्रा करते. तेथे मिळणाऱ्या अंतिम आवाहनाने सिनचा काही काळापुरता नाश होतो. मात्र आवाहन करणाऱ्याला प्राण द्यावे लागतात. हे स्पायरातील सर्वांना ठाऊक असते, केवळ परक्या जगातून आलेल्या टायडसला नसते. तोच कथेचा निवेदक असल्याने खेळाडूही अज्ञानात राहतो. सिनच्या पराभवानंतर काय काय करू, याचे बेत टायडस यूनाला उत्साहाने सांगतो आणि ती हसून ऐकते. सत्य कळताच मागील सर्व प्रसंग नव्याने उलगडतात. अॅरिस्टॉटलने ज्याला अभिज्ञान म्हटले त्याची येथे विशेष छटा दिसते : यूनाला मृत्यूच्या दिशेने एकेक पाऊल खेळाडूच्याच हातांनी नेलेले असते.

खेळाच्या शेवटी याचा कळस होतो. यात्रेत यूनाला लाभलेल्या आवाहित शक्तींना खेळाडू स्वतः नावे देऊ शकतो. अखेरच्या लढाईत यू येव्होन एकेका शक्तीचा ताबा घेतो, आणि खेळाडूला तिला स्वतः पाचारण करून स्वतःच मारावे लागते. या लढाईत पराभव जवळजवळ अशक्य आहे, म्हणजे येथे कौशल्याची परीक्षा नाही. ज्याने आडवाटांनी भटकून अधिक शक्ती मिळवल्या असतील, त्याला अधिकांना मारावे लागते. परिश्रमाचे मोल येथे शोकाच्या मापाने परत मिळते. लढाईच्या अंगाने अनेकांना नीरस वाटलेला हा प्रसंग संविधानकाच्या अंगाने या मालिकेतील सर्वांत धैर्याचा आहे.

मर्यादा

या निकषावर मालिकेचे दोषही स्पष्ट होतात. सातव्या भागात पृथ्वीवर उल्का कोसळण्याच्या बेतात असताना नायक चोकोबो पक्ष्यांच्या शर्यतीत कितीही दिवस रमू शकतो. तेथे कथेची निकड आणि खेळाडूचे श्रम यांची फारकत होते. २००९ सालच्या तेराव्या भागावर सरळ, एकमार्गी रचनेची टीका झाली. परंतु दहाव्या भागाचा मार्गही बऱ्याच अंशी सरळच आहे. तेथे ती यात्रा असल्याने मार्गालाच अर्थ लाभतो. तेराव्यात चालण्याला तसा अर्थ नाही आणि कथा समजण्यास आवश्यक अशा संकल्पनांसाठी पडद्यामागील माहितीकोश वाचावा लागतो. दोष सरळपणात नसून चालणे आणि कथा यांच्यातील दुराव्यात आहे.

सातव्या भागाच्या पुनर्निर्मितीचा दुसरा खंड, 'रीबर्थ', २०२४ साली आला. त्यासमोर वेगळी अडचण होती. एरिथ मरणार हे आता बहुतेकांना ठाऊक होते. म्हणून या खंडात मृत्यू घडतो आणि टळतोही. सोबती शोक करीत असताना क्लाउडला ती जिवंत दिसते, आणि अंतिम लढाईत ती पुन्हा त्याच्या बाजूने उभी राहते. क्लाउडच्या मनोविघटनाचे चित्रण म्हणून याचे समर्थन करता येईल. तथापि १९९७ साली खेळाडूच्या वाट्याला आलेली रिकामी जागा येथे त्वरित भरली जाते. कोडे उरते, उणीव उरत नाही. सफाई, अभिनय आणि दृश्यवैभव यांत कितीतरी पुढे असलेली ही कृती त्या एका क्षणी मूळ कृतीहून मागे पडते, असे नमूद करावे लागते.

समारोप

उपर्युक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, भूमिकाप्रधान खेळातील श्रेष्ठ कथानक खेळाडूच्या श्रमांना कथेचे द्रव्य बनवते. ते त्याची सवय मोडते, त्याने कमावलेले हिरावून घेते, त्याच्या शोधाला ऐच्छिक ठेवून त्याचे मोल वाढवते, किंवा त्याच्याच हातून त्याच्या संचिताचा अंत घडवते. कलाटणी, खलनायक व कल्पित जग ही या कार्याची साधने होत.

यातून अभ्यासकासाठी एक पथ्य निघते. खेळातील दृश्यांचे चित्रण पाहून किंवा कथासार वाचून या कृतींवर मत देणे, हे नाटकाचा गोषवारा वाचून प्रयोगावर मत देण्यासारखे आहे. भारतीय काव्यशास्त्राने रसास्वादासाठी सहृदयाची अपेक्षा केली. या नव्या प्रकाराला हृदयासोबत हातही गुंतलेला रसिक हवा आहे. आपल्या वर्गात बसलेल्या काही विद्यार्थ्यांनी कथेतील वियोगाचा पहिला अनुभव पुस्तकातून न घेता अशा खेळातून घेतला असण्याची शक्यता आहे. तो अनुभव वेळेचा अपव्यय म्हणून बाजूस सारण्यापूर्वी त्यांनी काय गमावले आणि ते का विसरता येत नाही, हे त्यांना विचारणे साहित्याच्या अध्यापकाचे काम आहे.