इंद्रायणीचा एकच ठिपका

मावळात ‘इंद्रायणी’ म्हटले की तीन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावून देहू-आळंदीकडे जाणारी नदी. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून १९८७ साली दिलेला भात. आणि लोणावळ्याला थांबणारी मुंबई-पुणे गाडी. संगणकाने काढलेल्या शब्दांच्या नकाशात मात्र या तिन्हींना मिळून एकच ठिपका मिळतो. असे नकाशे हल्ली भाषेचे चित्र म्हणून दाखवले जातात. त्यांचीही समीक्षा व्हायला हवी, असे मला वाटते.

शब्दाचा अर्थ त्याच्या सोबतीवरून ओळखावा, हा विचार इंग्रज भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी १९५७ साली मांडला. संगणक सोबतच मोजतो. फेसबुकच्या संशोधकांनी २०१८ साली १५७ भाषांसाठी केलेल्या ‘फास्टटेक्स्ट’ संचात मराठीही आहे. त्यात प्रत्येक शब्दाला ३०० आकडे दिलेले आहेत. हे आकडे म्हणजे एका बिंदूतून निघालेल्या बाणाची दिशा. दोन बाणांमधला कोन जितका लहान, तितके ते शब्द जवळचे. पवनेच्या काठी उभे राहून तुंग आणि तिकोना यांच्यातला कोन मोजावा, तसे हे आहे. किल्ले किती लांब आहेत, हे त्यात येत नाही.

कागदाला मात्र दोनच मिती. ३०० मिती दोनांत बसवताना, दुरून काढलेल्या फोटोत मागचा डोंगर पुढच्याला चिकटावा, तसे परके शब्दही शेजारी येऊ शकतात.

माझा दुसरा आक्षेप अक्षरांविषयी आहे. हा संच शब्दाचे पाच-पाच चिन्हांचे तुकडेही मोजतो. काना-मात्रा आणि शब्दारंभाची खूण ही स्वतंत्र चिन्हे धरतो. मी कागदावर फोड करून पाहिली. ‘मावळ’, ‘मावळा’, सूर्याचे ‘मावळणे’ आणि आत्या या अर्थाची ‘मावळण’, या चौघांचा पहिला तुकडा एकच निघाला. मावळ म्हणजे मावळतीचा प्रदेश, हे नाते अर्थाचे. मावळणीचा सूर्यास्ताशी काही संबंध नाही. तिची तेवढी जवळीक निव्वळ अक्षरांची. नकाशा हा फरक सांगत नाही.

पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाचे २०२२ मधले ‘महाबर्ट’ प्रत्येक वाक्यात शब्दाला वेगळे आकडे देते. त्यामुळे नदी आणि भात निराळे होऊ शकतात. पण त्याचाही मजकूर आंतरजालावरचाच. आवणीच्या वेळी खाचरात जे बोलले जाते आणि कुठे लिहिले जात नाही, त्याला तिथे जागा नाही.

म्हणून अशा प्रत्येक नकाशाखाली तीन गोष्टी छापलेल्या असाव्यात: मजकूर कुठला, मूळ कोन किती, आणि जवळीक सोबतीची की अक्षरांची. तेवढे कळले, तर नकाशातल्या इंद्रायणीजवळ कोणता शब्द का बसला, हे वाचकाला स्वतः ठरवता येईल.