रखवालदाराचा वाटा



मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी विचारलं, की खेळांवरचा सट्टा कायदेशीर करावा की करू नये, याबद्दल तत्त्वज्ञानाला काही म्हणायचं आहे का? प्रश्न रास्त आहे. पण एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होण्याऐवजी आज आपण एक लेख बारकाईने वाचू. लेख छोटा आहे, अमेरिकेतला आहे आणि दहा वर्षांहून जुना आहे. तरी पुढे जे घडलं ते समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

नोव्हेंबर २०१४मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ॲडम सिल्व्हर यांचा लेख छापला. सिल्व्हर त्याच वर्षी एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे आयुक्त झाले होते. त्यांची मागणी होती, की खेळांवरची पैज कायदेशीर करा आणि तिच्यावर नियंत्रण आणा. आज यात काही नवल वाटत नाही. पण १९९२मध्ये अमेरिकी संसदेने बहुतेक राज्यांना अशा पैजा कायदेशीर करायला मनाई केली, तेव्हा याच एनबीएने त्या कायद्याला पाठिंबा दिला होता. न्यूजर्सी राज्याने कायद्याला आव्हान दिलं, तेव्हा बास्केटबॉल, बेसबॉल, फुटबॉल, आइस हॉकी या सगळ्या मोठ्या लीग त्या राज्याविरुद्ध एकत्र न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं होतं, की पैज आली तर खेळाची सचोटी धोक्यात येईल.

आता आपल्या परंपरेप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडू. तोही असा, की प्रतिपक्षाने मान डोलवावी. सिल्व्हर म्हणतात, की बंदी असूनही लोक पैजा लावतातच. तो पैसा अंधारात फिरतो. अंधारातल्या व्यवहारावर कोणाची नजर नसते, म्हणून गैरप्रकार सापडत नाहीत. उजेडात आणा, परवाने द्या, वयाची खात्री करा, व्यसन लागलेल्यांना बाहेर ठेवण्याची सोय करा, संशयास्पद व्यवहार कळवणं सक्तीचं करा. मग खेळाची सचोटी जास्त चांगली राखता येईल.

हा युक्तिवाद पोकळ नाही. २०२४मध्ये टोरंटो रॅप्टर्स संघाचा जाँटे पोर्टर याचं प्रकरण उघडकीला आलं, ते परवानाधारक पैज कंपन्या आणि बाजारावर लक्ष ठेवणारी यंत्रणा यांनी एनबीएला सावध केलं म्हणून. ८० हजार डॉलरच्या एका पैजेवर ११ लाख डॉलर मिळायचे होते. ते देण्याआधीच रोखले गेले. गल्लीतल्या बुकीच्या वहीत हे कधी कळलं असतं? तेव्हा 'उजेडात दिसतं' हे सिल्व्हर यांचं म्हणणं खरं ठरलं, हे आधी मान्य करू.

पण मग दिसलं काय, तेही बघायला हवं. पोर्टरने सामना हरण्याचे पैसे घेतले नव्हते. त्या मार्चमधल्या सामन्यात तो काही मिनिटं खेळला, बरं वाटत नाही म्हणाला आणि बाहेर गेला. पैज त्याच्या संघाच्या हरण्या-जिंकण्यावर नव्हतीच. पोर्टर किती गुण करील, किती रिबाउंड घेईल, ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी की जास्त, यावर ती होती. तो 'आजारी' पडला आणि आकडे कमी राहिले. जुगाराचं कर्ज फेडण्यासाठी त्याने हे केलं, असं पुढे सरकारी वकिलांनी सांगितलं. त्याने गुन्हा कबूल केला. एनबीएने त्याच्यावर आजन्म बंदी घातली.

ज्याला हा सगळा घोटाळा म्हणायचं, तो सामन्याच्या निकालात कुठेच नाही. तो एका तुकड्यात आहे. आणि तो तुकडा काळ्या बाजारात विकला जात नव्हता. तो कायदेशीर दुकानात, उजेडात, फळीवर मांडलेला माल होता.

इथे एका शब्दाकडे वळू. सिल्व्हर यांच्या लेखाचा सगळा भार 'इंटेग्रिटी' या शब्दावर आहे. मराठीत या शब्दाला एकच प्रतिशब्द देता येत नाही, दोन द्यावे लागतात. एक 'सचोटी', दुसरा 'अखंडत्व'. भाषांतर करताना ही अडचण वाटते. विचार करताना मात्र तिची मदत होते, कारण लीगवाले ज्याचं रक्षण करतो म्हणतात ते पहिल्या अर्थाने. ते सांगतात, की निकाल विकला जाणार नाही. दुसऱ्या अर्थाबद्दल ते गप्प आहेत.

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८मध्ये खेळाची एक व्याख्या दिली. तिचा आशय असा, की अनावश्यक अडथळे आपण होऊन पत्करायचे आणि ते ओलांडायचा प्रयत्न करायचा, म्हणजे खेळ. चेंडू जाळीत टाकायचाच असेल तर शिडी लावून टाका की! पण तसं करत नाही, कारण चेंडू जाळीत जाण्याला स्वतःची अशी काही किंमत नाही. किंमत येते ती सगळे नियम, दोन्ही संघ, घड्याळ, मागचा-पुढचा डाव या सगळ्यांतून. क्रिकेटमधली निर्धाव षटकं घ्या. पडझड झालेली असताना फलंदाजाने खेळून काढलेल्या त्या षटकांना अर्थ आहे तो त्या डावात. डावातून सुटी काढलीत की ती नुसती सहा-सहा चेंडूंची नोंद.

एका खेळाडूच्या आकड्यावरची पैज नेमकं हेच करते. अखंड सामन्यातून एक तुकडा कापते आणि त्याला बाहेरची किंमत चिकटवते. शिवाय तो तुकडा एकाच माणसाच्या हातात असतो. अकरा जणांना विकत घेणं अवघड, महाग आणि धोक्याचं असतं. एकाला एक नो-बॉल टाकायला लावणं तेवढं अवघड नाही. लॉर्ड्सवर २०१०मध्ये पाकिस्तानच्या गोलंदाजांनी ठरवून नो-बॉल टाकले आणि आयपीएलमध्ये २०१३ साली स्पॉट फिक्सिंगचं प्रकरण निघालं, तेव्हा 'स्पॉट' हा शब्द आपण सगळे शिकलो. स्पॉट म्हणजे तुकडाच. तेव्हा तो अवैध बाजाराचा माल होता. अमेरिकेत तोच माल अधिकृत झाला.

या व्यवस्थेत लीगने स्वतःला कुठे उभं केलं? सिल्व्हर यांच्या यादीत परवाने आहेत, वय आहे, देखरेख आहे. कोणत्या प्रकारच्या पैजा असाव्यात, हे त्या यादीत नाही. आणि या पैशातून लीगने काही घ्यावं की नाही, तेही नाही. ही दोन मौनं लेखाच्या शब्दांपेक्षा बोलकी आहेत. पुढची चार वर्षं बघा. जानेवारी २०१८मध्ये एनबीएच्या वकिलाने न्यूयॉर्कच्या सिनेटपुढे लावलेल्या प्रत्येक पैजेच्या रकमेतला एक टक्का लीगसाठी मागितला. लोक त्याला 'इंटेग्रिटी फी' म्हणू लागले. सचोटीचं शुल्क! १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९२चा कायदा रद्द केला, म्हणजे लीग खटला हरल्या. आणि ३१ जुलैला, अडीच महिन्यांत, एनबीएने एमजीएम या कॅसिनो कंपनीशी भागीदारी जाहीर केली. इतकं गोड हरणं आम्ही तरी पाहिलेलं नाही. तो एक टक्का राज्यांनी दिला नाही, तेव्हा लीगनी सामन्यांची अधिकृत आकडेवारी पैज कंपन्यांना पोचवण्याचे करार केले. २०२१मध्ये एनबीए आणि एनएफएल अशी आकडेवारी पुरवणाऱ्या कंपन्यांच्या भागधारकही झाल्या. जितके तुकडे जास्त, तितकी आकडेवारीला मागणी जास्त.

आता रखवालदाराच्या जागेचा इतिहास आठवू. १९१९च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंवर पैसे घेऊन हरल्याचा आरोप झाला. हादरलेल्या बेसबॉलने लँडिस नावाच्या न्यायाधीशाला पहिला आयुक्त नेमलं आणि त्याने आठ खेळाडूंना कायमचं बाहेर काढलं. म्हणजे आयुक्त हे पदच मुळी जुगाऱ्यांपासून खेळ वाचवण्यासाठी निघालं. त्या पदाच्या वारसदारांनी शंभर वर्षांनी भागीदारीच्या करारांवर सह्या केल्या.

यावर एक आक्षेप येईल, तो महत्त्वाचा आहे. 'लीग पैज लावत नाही, ती फक्त प्रायोजकत्व घेते आणि आकडे विकते. यात बिघडलं काय?' आपण लीगचाच नियम लीगला लावून पाहू. २०२२मध्ये एनएफएलने कॅल्विन रिडली या खेळाडूला पूर्ण हंगामासाठी निलंबित केलं. त्याने पैजा लावल्या तेव्हा तो संघापासून दूर होता. तरी शिक्षा झाली आणि ती योग्यच होती, कारण खेळाडू खेळाच्या आतला माणूस आहे. आतल्या माणसाचा बाहेर हितसंबंध असू नये. ठीक. पण मग लीग कुठली? ती तर त्याहून आतली. नियम तिचे, पंच तिचे, वेळापत्रक तिचं, चौकशी तिची, शिक्षाही तीच देणार. जो नियम पंचविशीतल्या मुलाला लागतो, तो संस्थेला लागत नाही, असं म्हणायला तर्कात जागा नाही.

'हे सगळं अमेरिकेत. आपल्याकडे कुठे सट्टा कायदेशीर आहे?' असं कोणी म्हणेल. पण आपण वेगळ्या दाराने त्याच खोलीत गेलो होतो. न्यायालयांनी फॅन्टसी क्रिकेटला कौशल्याचा खेळ मानलं, म्हणून कायद्याच्या भाषेत तो जुगार नव्हता. २०२०मध्ये ड्रीम इलेव्हन आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली, २०२३मध्ये तिचं नाव भारतीय संघाच्या जर्सीवर आलं. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. लगेच जर्सीवरचं नाव गेलं आणि त्या सप्टेंबरात आपला संघ आशिया कप प्रायोजकाशिवाय खेळला. पण जर्सी कोरी झाली ती सरकारच्या कायद्याने. हे नाव इथे असावं का, हा प्रश्न क्रिकेट मंडळाने स्वतःला विचारला म्हणून नव्हे.

यात प्रेक्षकाचं काय होतं, ते आम्ही आमच्याच घरात पाहिलं. पुतण्याचा मुलगा नुकताच नोकरीला लागलेला. ४९ रुपये भरून त्याने फोनवर 'आपला संघ' बनवला होता आणि आम्ही शेजारी बसून सामना बघत होतो. भारताच्या गोलंदाजाने सुरेख चेंडूवर त्रिफळा उडवला. आम्ही ओरडलो आणि पोरगा कपाळाला हात लावून बसला. बाद झालेला फलंदाज त्याच्या यादीत कप्तान होता. सामना भारताने जिंकला तेव्हा तो म्हणाला, "काका आजोबा, आपण जिंकलो, पण माझं गेलं." ४९ रुपयांचं दुःख नाही. पण तो सुरेख चेंडू त्याला दिसलाच नाही, हे आम्हाला लागलं. अखंडत्व फक्त खेळाचं भंगत नाही, पाहणाऱ्याच्या नजरेचंही भंगतं.

महाभारतातली द्यूतसभा आपण शकुनीच्या कपटासाठी आणि युधिष्ठिराच्या व्यसनासाठी लक्षात ठेवतो. तिथे तिसराही एक माणूस आहे. द्रौपदी पणाला लागते, सभेतले वृद्ध धिक्कार करतात, आणि धृतराष्ट्र मात्र न राहवून पुन्हा पुन्हा विचारतो, की जिंकलं का. तो फासे टाकत नव्हता. पण सभा त्याची, आमंत्रण त्याचं, खेळ थांबवण्याचा अधिकार त्याचा. आणि हित मुलाच्या बाजूला. म्हणून तो थांबवू शकला नाही.

तेव्हा आमचं म्हणणं दोन गोष्टींपुरतं आहे. सट्टा कायदेशीर असावा की नाही, हे प्रत्येक समाजाने आपापलं ठरवावं. पण असला तर, एक, लीगने त्यातून एक पैही घेऊ नये, करारातून नाही, जाहिरातीतून नाही, समभागातून नाही. दोन, एकाच माणसाच्या हातात असलेल्या तुकड्यावर पैज नसावी. दुसरी गोष्ट अशक्य नाही. पोर्टर प्रकरणानंतर त्याच्यासारख्या कमी मानधनाच्या करारावरच्या खेळाडूंवर 'यापेक्षा कमी' अशा पैजा न घेण्याचं कंपन्यांनी मान्य केलं. नोव्हेंबर २०२५मध्ये बेसबॉलच्या दोन पिचरवर ठरवून चेंडू टाकल्याचे आरोप ठेवले गेले. ते त्यांनी नाकारले आहेत. पण आरोपांपाठोपाठ एकेका चेंडूवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा आली. मर्यादा घातली, याचा अर्थ रोग कुठे आहे ते कळलं आहे. दुकान बंद केलं नाही, याचा अर्थ दुकानात वाटा आहे.

पहिली गोष्ट अवघड आहे, कारण तिच्यात पैसा सोडावा लागतो. खेळाडूंचं मानधन घटेल, तिकीट महागेल, असं सांगितलं जाईल. घटेलही थोडं. पण आयुक्ताने उद्या एखाद्याला दोषी ठरवलं किंवा निर्दोष सोडलं, तर त्याच्या शब्दावर आपण विश्वास का ठेवायचा, या प्रश्नाला आज लीगकडे उत्तर नाही. ते उत्तर विकत मिळत नाही, वाटा सोडूनच मिळतं.

इथे थांबू. प्रश्न असतील ते घेऊ.