गॅझेटियरमधील कातकरी

‘आपला परिसर’ या विषयावर विद्यार्थ्यांकडून प्रकल्प करून घ्यायचा झाला, तर रायगड जिल्ह्यातील शिक्षकाला एक आयता आधार मिळतो : मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड, ‘कुलाबा व जंजिरा’. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली तो १८८३ साली प्रसिद्ध झाला. पेण आणि रोहा हे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातले तालुके. त्यांची माहिती यात पानोपानी आहे. तेव्हा हा ग्रंथ वाचावा कसा, याचा विचार करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रथम त्याचे श्रेय. गोड्या आणि खाऱ्या भातजमिनी, खाडीचे पाणी अडवणारे बांध, पिके, बाजार यांची नोंद इतक्या चिकाटीने घेतलेली आहे की आजच्या संशोधकानेही धडा घ्यावा. पण हाच ग्रंथ शेतीच्या प्रकरणातून लोकांच्या प्रकरणात शिरतो आणि त्याची शिस्त सुटते. तिथे एकेका जातिजमातीचे वर्णन येते : वर्ण, बांधा, खाणेपिणे, स्वभाव. प्राणिशास्त्रात एखाद्या नव्या जातीचे वर्णन करावे तसे. या साच्यात कातकऱ्यांचे दारिद्र्य हे त्यांच्या वर्णासारखे आणि बांध्यासारखे एक जन्मजात लक्षण होऊन बसते.

त्या काळच्या वंशकल्पनेचाच हा परिणाम होता. पुढे रिस्ले यांनी नाकाची लांबीरुंदी मोजून भारतीयांचे वंश ठरवू पाहिले. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवले, की माणसामाणसांतील आनुवंशिक वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के हे एकाच लोकसमूहाच्या आत असते. उरलेल्या थोड्याशा फरकातून कुणाचा ‘स्वभाव’ वाचता येत नाही. (‘ते असेच असतात’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत आम्ही अजूनही ऐकतो, हा भाग वेगळा.)

आमचा मुख्य आक्षेप ग्रंथाच्या मांडणीवर आहे. माणसे एका प्रकरणात, जमीन दुसऱ्या प्रकरणात, आणि मध्ये साकव नाही. कातकरी हे नावच मुळी उद्योगावरून पडलेले. खैराच्या लाकडातील गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळून, ते पाणी आटवून कात करणारे ते कातकरी. खंड छापला जाण्याच्या पाचच वर्षे आधी, १८७८ साली, भारतीय वन कायदा आला. जंगल राखीव होऊ लागले, खैर हाताबाहेर गेला. ज्याचे झाड गेले त्याचा धंदा बुडाला, हे कार्यकारण शाळेतल्या मुलालाही कळेल. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला. म्हणजे ग्रंथाची शाई वाळते न वाळते तोच!

या तक्रारींत राबाचा प्रश्न मोठा होता. भाताच्या रोपवाटिकेवर फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत पसरून पावसाआधी जाळायचे, त्याला राब म्हणतात. वरच्या थरातले तणाचे बी उष्णतेने मरते, राखेतून पालाश आणि काही स्फुरद मिळते, रोप जोमदार येते. तोटाही आहे : पाल्यातला नत्र धुरावाटे निघून जातो आणि झाडे ओरबाडली जातात. पण राब भाजत होते कोकणातले सगळेच भातशेतकरी, जमीनदारांच्या खाचरातही तो भाजला जाई. जंगल जाळणारे म्हणून नाव मात्र आदिवासींचे झाले.

तीच गत दळीची. इंग्रजी अमदानीत जंगलातील उताराचे तुकडे आदिवासींना लागवडीसाठी दिले गेले, त्या या दळी जमिनी. पहिल्या वर्षी नाचणी, नंतर वरी, मग तीळ किंवा खुरासणी, आणि पुढे काही वर्षे रान मोकळे सोडायचे, असा वरकस जमिनीचा फेरा. जमिनीला विसावा मिळतो तोवर ही पद्धत टिकाऊ असते. जमिनीच्या हद्दी आवळल्या की विसावा तुटतो आणि माती वाहून जाते. पाठ्यपुस्तकातला ‘फिरत्या शेतीचे दुष्परिणाम’ हा मुद्दा शिकवताना निदान एवढा टप्पा तरी वगळू नये.

आणि त्या नाचणीचे काय? १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, सडलेल्या तांदळात जेमतेम १०. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, सरकारने ‘श्री अन्न’ असे नाव दिले, आणि नाचणी शहरातल्या दुकानांत चकचकीत पुडक्यांत आली. ती डोंगरउतारावर पिढ्यान् पिढ्या पिकवणाऱ्या अनेक कुटुंबांचे नाव सातबाऱ्यावर नाही. दळीची नोंद वनखात्याच्या कागदांत. म्हणून भातकापणी उरकली की उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जावे लागते, मुलेही सोबत जातात, आणि हजेरीपटावर गैरहजेरीच्या रांगा लागतात. त्या रांगांचे कारण शोधू गेल्यास मुलांच्या स्वभावात सापडणार नाही.

मिलिंद बोकील यांच्या ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ या पुस्तकाच्या नावातच हा प्रश्न उभा आहे. गॅझेटियरशेजारी शाळेच्या कपाटात ते असावे.

मात्र गॅझेटियर कपाटाबाहेर टाकू नये, याला एक व्यावहारिक कारणही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियम २००८ सालापासून लागू आहेत. त्यांतील तेराव्या नियमात दाव्यासाठी चालणारे पुरावे सांगितले आहेत. त्यांत गॅझेटियरचे नाव स्पष्ट आहे; जनगणना आणि जमाबंदीचे अहवालही आहेत. दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेले व लिहून घेतलेले कथनही ग्राह्य आहे. जो ग्रंथ लोकांच्या प्रकरणात कातकऱ्यांना नावे ठेवतो, त्याच्याच शेती आणि जंगलाच्या प्रकरणांत त्यांच्या जमिनीचा माग लागू शकतो. पेण-रोह्याच्या एखाद्या वाडीवरच्या शाळेत सातवी-आठवीच्या मुलांनी ही प्रकरणे वाचावीत, आणि आजोबांनी सांगितलेली दळीची हद्द वहीत उतरवून घ्यावी. आजोबांची पिढी हयात आहे तोवरच हे काम होण्यासारखे आहे.