पिशी आणि मावशी, एकाच बाईत?

माझं लहानपण कोलकात्यात गेलं. रात्री जेवणं झाली की बाबा विंदा करंदीकरांची 'पिशी मावशी' मोठ्यानं वाचायचे. शेजारच्या दीदानं एकदा विचारलं, "ही पिशी की माशी? दोन्ही कशी असेल?" बंगालीत पिशी म्हणजे आत्या आणि माशी म्हणजे मावशी. मराठीतली पिशी म्हणजे वेडी, हे बाबांनी समजावलं. दीदा हसली, पण स्वतःच्या कानांनी ऐकलेली आत्या काही तिनं सोडली नाही. मलाही तिच्या तोंडची 'माशी' ऐकताना घोंघावणारी माशीच दिसायची.

मग दीदा सुकुमार राय वाचून दाखवी. रायांचं 'आबोल ताबोल' सप्टेंबर १९२३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनीच प्रसिद्ध झालं. त्यातला 'हाँसजारू' मी आधी ऐकला, त्याचं चित्र नंतर पाहिलं. हाँस म्हणजे बदक, सजारू म्हणजे साळिंदर. दोघांत एक 'स' सामाईक आहे, म्हणून सांधा दिसत नाही. एका शब्दातून दुसऱ्यात जीभ कधी गेली ते वाचणाऱ्यालाही कळत नाही, आणि गंमत तिथंच आहे.

अनुवादक म्हणून आज मी याच सांध्यावर अडते. मराठीत 'हंसाळिंदर' करता येतो. 'स' अगदी तसाच वाटून घेतला जातो. पण बदकाचा हंस होतो. फेंगडं चालणाऱ्या पक्ष्याच्या जागी सरस्वतीचं वाहन येतं, आणि विनोद उगाच सोवळ्यात जातो. 'बदाळिंदर' म्हणावं तर पक्षी बरोबर येतो, पण शिवण उसवलेली दिसते.

बालकवितेच्या अनुवादात आपण बहुधा अर्थ आणि यमक तपासतो. तळटीप देऊन प्राणी वाचवता येतो, पण मोठ्यानं वाचताना तळटीप कोण वाचणार? 'पिशी मावशी' बंगालीत नेणाऱ्यालाही वेडेपणासाठी दुसरा शब्द शोधावा लागेल, नाहीतर ऐकणारं मूल नातंच मोजत बसेल.

दोन्ही शब्द मी भाच्याला वाचून दाखवले. 'हंसाळिंदर'ला तो हसला नाही, पण लगेच म्हणाला, "मग मांजर आणि जरबेरा मिळून मांजरबेरा?" 'बदाळिंदर'ला हसला आणि विसरला. मी हंस ठेवला आहे. बदक गेल्याची हळहळ आहेच, पण शब्द जोडण्याचा खेळ मुलाच्या हाती पोचला. दीदाला मात्र हे पटलं नसतं.